निबंधाआधी वाक्य : नववीतल्या मुलाला इंग्रजी लिहायला कसं शिकवायचं

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून रान पेटलं होतं. पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून, यावर सगळे हिरिरीने बोलले. कशी शिकवायची, यावर फारसं कोणी बोललं नाही. इंग्रजी तर आपण २००० सालापासून पहिलीपासूनच शिकवतो आहोत. म्हणजे मराठी माध्यमाचा मुलगा नववीत पोचतो तेव्हा त्याच्या पाठीशी इंग्रजीची आठ वर्षं असतात. त्याला 'आमच्या गावचा बाजार' या विषयावर स्वतःच्या मनाने पाच ओळी लिहायला सांगून बघा. 'माय व्हिलेज मार्केट इज व्हेरी गुड' इथवर गाडी येते आणि थांबते.

'प्रथम' संस्थेच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांमधली १४ ते १८ वयाची मुलं होती. त्यातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचून समजणारी मुलं शंभरात बेचाळीसच्या आसपास. ही झाली वाचनाची गोष्ट. लिहिणं त्याहून अवघड, कारण वाचताना वाक्य समोर तयार असतं आणि लिहिताना ते शून्यातून उभं करावं लागतं.

आणि आपण या मुलांना सांगतो काय, तर निबंध लिहा, पत्र लिहा, बातमी लिहा. ज्याला अजून कणीक मळता येत नाही त्याला पंगतीचा स्वयंपाक सांगण्यातला प्रकार आहे हा.

लिहिताना डोक्यात काय चालतं

एक ओळ लिहिताना मूल एकाच वेळी पाच कामं करत असतं. काय सांगायचं ते ठरवणं, त्यासाठी शब्द शोधणं, शब्दांचा क्रम लावणं, स्पेलिंग आठवणं आणि अक्षर काढणं. हे सगळं ज्या जागेत चालतं तिला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. हातातलं काम होईपर्यंत गोष्टी धरून ठेवणारी ती डोक्यातली लहानशी फळी. तिच्यावर एका वेळी मोजक्याच वस्तू मावतात. 'मार्केट'च्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'टी'आधी 'ई' की 'आय' यावर मुलगा अडला, की फळीवरून पहिला विचारच खाली पडतो. मग तो वर बघतो आणि विचारतो, "सर, काय लिहायचं?" त्याला कल्पना सुचत नाहीत असं आपण समजतो. खरं तर कल्पना होती, ती सांडली.

यावर उपाय दोनच. काही कामं सरावाने इतकी सोपी करायची की ती फळीवर जागाच घेणार नाहीत, आणि उरलेली कामं एका वेळी एक अशी द्यायची.

आधी बघा, गाडी अडली कुठे

जूनमध्ये एक तासिका यासाठी काढावी. पहिलं काम नकलेचं: फळ्यावरची चार वाक्यं दोन मिनिटांत उतरवायची. दुसरं श्रुतलेखनाचं: दहा शब्द आणि तीन छोटी वाक्यं. तिसरं, एक चित्र दाखवून त्यावर मनाने पाच वाक्यं. वर्गाचे तीन गट आपोआप दिसतात.

नक्कल करताना जो प्रत्येक अक्षरासाठी मान वर करतो, त्याचं काम अक्षरांपासूनच सुरू करावं लागतं. चार रेघी वही नववीत द्यायला लाज वाटते, शिक्षकालाही आणि मुलालाही. तरी द्यावी. 'बी' आणि 'डी' उलटसुलट होणं, नावातही पहिलं अक्षर लहान काढणं हे त्याच वहीत सुटतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे मोठं अक्षर कधी हे त्याला वेगळं शिकवावं लागतं, ते पाहून पाहून येत नाही.

दुसरा गट शब्द लिहू शकतो, पण वाक्य जुळत नाही. बहुतेक वर्गांत हा गट सगळ्यात मोठा निघतो. तिसऱ्याला वाक्यं येतात, पण पाच वाक्यांचा एक परिच्छेद होत नाही.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४, त्यामुळे जसं बोलतो तसं लिहिण्याची आपली सवय तिथे चालत नाही. पण म्हणून सगळंच पाठांतर आहे असंही नाही. 'नाइट, लाइट, फाइट, राइट' यांचा शेवट सारखा लिहिला जातो. 'मॅड'च्या शेवटी 'ई' लावला की 'मेड' होतं, तसंच 'हॉप'चं 'होप'. आठवड्याला असा एक गट, दहा शब्द, पुरे. शिवाय सतत येणारे शंभर शब्द, 'द, ऑफ, वॉज, दे, बिकॉज' अशांसारखे, डोळे मिटून लिहिता आले पाहिजेत. कोणत्याही इंग्रजी मजकुराचा साधारण निम्मा भाग याच शंभरांचा असतो.

मराठी शब्दाच्या गळ्यात ओळखपत्र असतं

आता खरी गुंतागुंत. 'वाघाने हरिण मारलं' आणि 'हरिण वाघाने मारलं', दोन्हींत मेलं हरिणच. कारण 'वाघाने' यातला 'ने' सांगतो की मारणारा कोण. मराठी शब्द गळ्यात ओळखपत्र घालून फिरतात, कुठेही बसले तरी ओळखू येतात. इंग्रजीत ओळखपत्र नाही, ओळख आसन क्रमांकावरून. क्रियापदाच्या आधीच्या आसनावर जो बसला तो करणारा. 'द टायगर किल्ड द डिअर' यात दोघांची जागा बदलली की हरणाने वाघ मारला.

नववीच्या मुलाला हे एवढं साफ कोणी सांगितलेलं नसतं. त्याला 'सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट' हे शब्द पाठ असतात. पण लिहिताना तो मराठी वाक्य डाव्या हाताने धरतो आणि उजव्या हाताने एकेक शब्द बदलत जातो: 'आय मँगो ईट'.

यासाठी पाच चौकटींचा तक्ता करावा. कोण | काय करतं | काय किंवा कोणाला | कुठे | केव्हा. जुन्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापून शब्द लिहावेत आणि मुलांनी त्या चौकटींत मांडाव्यात. 'माय मदर | सेल्स | व्हेजिटेबल्स | इन द मार्केट | ऑन संडे.' आधी हाताने मांडायचं, मग तोंडाने म्हणायचं, शेवटी वहीत. तिन्ही पायऱ्या हव्यात. म्हणण्याची पायरी गाळली तर मुलं चिठ्ठ्या बरोबर लावतात आणि वहीत पुन्हा जुनंच लिहितात.

पहिली चौकट कधीही रिकामी ठेवायची नाही, हा नियम वेगळा ठसवावा लागतो. मराठीत 'काल बाजारात गेलो' म्हटलं की 'मी' वेगळा सांगावा लागत नाही, क्रियापदातून तो कळतो. म्हणून मुलं 'यस्टर्डे वेंट टू मार्केट' लिहितात. जिथे करणारा कोणीच नाही तिथेही इंग्रजीला त्या आसनावर कोणीतरी बसवावंच लागतं. 'उशीर झाला' याचं 'इट इज लेट', 'पाऊस पडतोय' याचं 'इट इज रेनिंग'. हा 'इट' म्हणजे कोण, असं मुलं विचारतात. कोणी नाही, जागा अडवून ठेवणारा रुमाल आहे तो. एसटीने प्रवास करणाऱ्या मुलांना हे उत्तर पटतं.

एक 'आहे', चार इंग्रजी रूपं

'ही इज गो टू स्कूल' हे वाक्य दर वर्गात सापडतं. शिक्षक 'इज' खोडतात, पुढच्या आठवड्यात ते पुन्हा उगवतं. चूक कुठून येते हे दाखवल्याशिवाय ती जात नाही. ती आपल्या 'आहे'मधून येते.

'तो शिक्षक आहे' – 'ही इज अ टीचर'. 'तो जात आहे' – 'ही इज गोइंग'. 'तो गेला आहे' – 'ही हॅज गॉन'. 'त्याच्याकडे सायकल आहे' – 'ही हॅज अ सायकल'. चारही ठिकाणी मराठीत तोच 'आहे'. मुलाच्या लेखी 'आहे' म्हणजे 'इज', आणि ते त्याला पहिलीत आपणच शिकवलेलं असतं. ही चार वाक्यं मोठ्या अक्षरांत वर्षभर भिंतीवर राहू द्यावीत. लिहिण्याआधी मुलाने स्वतःला विचारायचं: माझ्या मराठी वाक्यात 'आहे' आहे का, आणि असेल तर चौघांतला कोणता? 'तो जातो' यात 'आहे' नाही, म्हणून 'इज' नाही. एक फसवी जागा मात्र दाखवून द्यावी. बोलताना आपण 'जातोय' म्हणतो, त्यात 'आहे' लपलेला असतो.

'ही गोज'मधला 'एस' ही वेगळी डोकेदुखी. इंग्रजीत वर्तमानकाळी क्रियापद सगळीकडे तसंच राहतं, एका 'ही-शी-इट'पुरतं बदलतं. सगळा रस्ता सपाट आणि मध्येच एक खाच. नियम तोंडपाठ असलेली मुलंही तिथे पडतात. इंग्रजी शिकणाऱ्या जगभरच्या मुलांना हा 'एस' उशिराच अंगवळणी पडतो. म्हणून गुण कापायची सुरुवात त्याच्यापासून करू नये.

'अ' आणि 'द' यांचं सगळं शास्त्र नववीत सांगायला जाऊ नये, मुलं हरवतात. 'एका गावात एक राजा होता. राजाला तीन मुलं होती.' पहिल्यांदा भेटला तो 'अ किंग', ओळख झाली की 'द किंग'. एवढ्यावर वर्षभर काम भागतं.

आधी वाक्य लांबवायचं, मग दोन जोडायची

तीन-चार शब्दांचं वाक्य बिनचूक येऊ लागलं की ते फुगवायचं. 'द बॉय रॅन.' कुठे? केव्हा? का? एकेक प्रश्न विचारत जायचं. 'यस्टर्डे, द बॉय रॅन टू द बस स्टँड बिकॉज ही वॉज लेट.' रोज दोन वाक्यं, पाच मिनिटं, बस.

जोडण्यासाठी तीन शब्द घ्यावेत: 'बिकॉज', 'बट' आणि 'सो'. एकच अर्धं वाक्य तिन्हींनी पूर्ण करायला द्यायचं. 'द वेल इज ड्राय बिकॉज...', 'द वेल इज ड्राय, बट...', 'द वेल इज ड्राय, सो...'. पहिल्यात कारण लागतं, दुसऱ्यात अपेक्षेविरुद्धची गोष्ट, तिसऱ्यात परिणाम. दिसायला किरकोळ सराव आहे, पण विहिरीबद्दल खरंच काही माहीत असल्याशिवाय तो करता येत नाही. म्हणून विषय मुलांच्या ओळखीचा हवा, किंवा नुकत्याच शिकवलेल्या धड्यातला.

अमेरिकेतले संशोधक स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र तपासले होते. वाक्यं जोडण्याच्या सरावाने लेखन सुधारलं, आणि नुसतं सुटं व्याकरण शिकवल्याने काही फायदा दिसला नाही. मात्र ते प्रयोग प्रामुख्याने इंग्रजीच्या वातावरणात वाढणाऱ्या मुलांवरचे होते. आपल्या मुलांना घरी इंग्रजी कानावर पडत नाही, त्यामुळे व्याकरण अजिबात नको असा अर्थ काढण्याची घाई नको. नियम सांगावा, पण त्याच तासाला त्या नियमाची पाच वाक्यं मुलाच्या हातून लिहून व्हावीत. नियम सोमवारी आणि वापर परीक्षेत, असं झालं की तो वहीतच राहतो.

परिच्छेद : पस्तीस मिनिटांचा हिशोब

पहिली पाच मिनिटं मागच्या तासाची दोन वाक्यं दुरुस्त करण्यात. पुढची सात बोलण्याची: विषयावर जोडीने बोलायचं, मराठीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, घरच्या ज्या भाषेत बोलता येतं त्या भाषेत. त्यातून निघालेले आठ-दहा इंग्रजी शब्द फळ्यावर जातात. मग सहा मिनिटं सगळ्यांनी मिळून फळ्यावर दोन-तीन वाक्यं रचायची. मुलांनी सांगायची, शिक्षकांनी लिहायची, आणि 'हे इथे का आलं?' हे मोठ्याने बोलत लिहायची. मग बारा मिनिटं ज्याने त्याने आपलं लिहायचं. उरलेल्या पाचांत शेजाऱ्याला वाचून दाखवायचं. वाचताना अडखळलं की चूक स्वतःलाच ऐकू येते.

सगळ्यात जास्त गडबड होते ती मधल्या सहा मिनिटांत. शिक्षक एक सुंदर परिच्छेद फळ्यावर लिहून मोकळे होतात आणि साठ वह्यांत तोच उतरतो. शेवटची दोन वाक्यं तरी मुलांसाठी सोडली पाहिजेत.

सुरुवातीला वाक्यांची तोंडं द्यावीत. तक्त्यावरून माहिती लिहायची असेल तर 'द टेबल शोज दॅट...', 'मोर स्टुडंट्स लाइक... दॅन...'. इमारत उभी राहताना बांबूंची परांची बांधतात ना, तसंच. पण परांची उतरवावी लागते. तिसऱ्या वेळी तोंडाचे पहिले दोनच शब्द द्यावेत, पाचव्या वेळी काहीच नाही. वर्षभर तशीच राहिली तर तिचं गाइड होतं.

परिच्छेदाचा सांगाडा सोपा ठेवावा: मुद्द्याचं एक वाक्य, त्याला धरून तीन तपशील, आणि एक शेवटचं. 'माय फादर इज अ फार्मर. ही इज गुड. ही इज काइंड. ही इज ऑनेस्ट.' यात एकही वाक्य चुकलेलं नाही, पण वडील कुठे दिसत नाहीत. 'गुड' कशावरून, असं विचारलं की मुलगा मराठीत लगेच सांगतो, ते पहाटे चारला मोटर चालू करायला रानात जातात. तेच इंग्रजीत हवं, तोडकंमोडकं का असेना.

मराठीत विचार केला तर इंग्रजी कच्चं राहणार नाही का?

पालकांचा हा पहिला आक्षेप असतो. वर्गात फक्त इंग्रजी बोला, मग येईल. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांबद्दल दाखवलेली गोष्ट इथे उपयोगी आहे. गप्पांपुरती इंग्रजी त्या मुलांना साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची इंग्रजी वर्गमित्रांच्या तोडीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि तिथे रस्त्यावर, दुकानात, मैदानात सगळीकडे इंग्रजी असते. आपल्याकडे रोजची ३५ मिनिटांची एक तासिका आणि वर्षाचे २०० दिवस धरले तरी ११७ तास होतात. त्यातला विचार करण्याचा वेळही इंग्रजीत घालवायचा म्हटलं तर मुलं विचार करणंच सोडतात.

मुद्दे जमवणं, क्रम लावणं, कारण देणं ही कौशल्यं भाषा ओलांडून जातात; मराठीत परिच्छेद बांधता येतो त्याला इंग्रजीत फक्त भाषा शिकायची उरते. जपायचं ते एवढंच: मराठीत मुद्दे लिहावेत, पूर्ण वाक्यं लिहू नयेत. पूर्ण वाक्य लिहिलं की मूल त्याचा शब्दशः तर्जुमा करू लागतं आणि पुन्हा 'आय मँगो ईट' येतं.

साठ वह्या कोण तपासणार?

रास्त प्रश्न आहे. एका वहीला पाच मिनिटं धरली तर साठ वह्यांना पाच तास. म्हणूनच लेखन दिलं जात नाही. रोज बारा वह्या बघाव्यात, आठवड्यात वर्ग पुरा होतो. त्या आठवड्याला एकच चूक शोधायची, समजा 'आहे'ची. चुकीच्या ओळीसमोर समासात फक्त टिंब द्यायचं, चूक कुठली ते मुलाने शोधायचं. लाल शाईने सगळं दुरुस्त करून दिलेली वही मूल उघडून गुण बघतं आणि मिटतं. त्या बारा वह्यांत दिसलेली दोन वाक्यं, नाव न सांगता, दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यावीत. पहिली पाच मिनिटं ठेवली आहेत ती त्यासाठीच.

पोर्शनचं काय, आणि पाठ करून गुण मिळतातच की

वेगळा वेळ लागत नाही. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातलाच धडा घ्यावा. प्रश्नाचं उत्तर लिहून देण्याऐवजी 'बिकॉज'ने पूर्ण करायचं वाक्य द्यावं. धडाही होतो, सरावही.

पाठ केलेल्या पत्राला गुण मिळतात हे खरं आहे. पण दहावीच्या लेखी ८० गुणांच्या पेपरात पत्राबरोबर तक्त्यावरून माहिती, बातमी, कथा असेही प्रश्न येतात. पाण्याच्या तक्रारीचं पाठ केलेलं पत्र कचऱ्याच्या प्रश्नाखाली लिहिलेलं तपासनिसाला पहिल्या ओळीत ओळखू येतं. सेमी इंग्रजीच्या मुलांना तर विज्ञानातली कारणंही इंग्रजीत लिहावी लागतात, तिथे 'बिकॉज' आणि 'सो' रोज लागतात.

मोबाइल लिहून देतो, मग शिकायचं कशाला?

मोबाइलला मराठी वाक्य दिलं की इंग्रजी मिळतं, आणि पुष्कळदा चांगलं मिळतं. मुलांपासून तो लपवण्यात अर्थ नाही. उलट एक तास त्याच्यासाठीच द्यावा. 'काल बाजारात गेले होते' हे वाक्य मोबाइलला द्या. गेलं कोण? बोलणारी मुलगी स्वतः, की तिचे बाबा, की शेजारचे चौघे जण? मराठीत तिन्ही बरोबर, आणि इंग्रजीत पहिली चौकट भरल्याशिवाय सुटका नाही, तेव्हा यंत्राला त्यातला एक निवडावाच लागतो. त्याने काय निवडलं ते फळ्यावर लिहा, उरलेली दोन वाक्यं मुलांना लिहू द्या.